किटलीचा कान

प्रिय घुम्या,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू ते आधी उलटसुलट करशील, मग बायकोपुढे धरशील, आणि ती म्हणेल, "आता कागदावर काय लिहायचं राहिलंय वन्संना?" ती रागावली की मला वन्सं म्हणते, एरवी ताई. फोनवर तिचा जो शेवटचा निरोप आला त्यात वाक्यावाक्याला वन्सं आहे. "पोरगी संसार मोडून घरी आली, तुमच्या भावाने धीर गोळा करून तुम्हाला फोन केला, आणि वन्सं, तुम्ही म्हणालात छान झालं. वर म्हणालात, मजा करा. बोलायचं नसेल तर तसं सांगा, पण हे असलं नको, वन्सं." तो वाचला तेव्हा माझ्या हातात किटलीची ओल्या मातीची तोटी होती. ती हातातल्या हातात चेपून गेली.

मी तसं म्हणाले, हे खरं आहे. छान झालंही म्हणाले आणि मजा कराही म्हणाले. त्या दिवसापासून रविवारचा तुझा फोन बंद आहे. तू जन्मभर जेवढ्यास तेवढं बोललास, पण फोन कधी चुकवला नाहीस. गप्प असलेला तू आणि रुसलेला तू, यांतला फरक बाहेरच्याला कळायचा नाही. मला कळतो. म्हणून हे पत्र. निरोप टाइप करून पाठवता आला असता, पण माझ्या मातीच्या अंगठ्याखाली एका वेळी तीन अक्षरं येतात आणि फोन त्यातलं चौथंच लिहितो. शिवाय त्या 'छान झालं'पर्यंत यायला मला थोडा वेळ लागणार आहे. हल्ली मी सगळीकडेच उशिरा पोचते. भट्टी लावून झाली आहे, दार विटा रचून बंद केलंय, हाताला काम नाही. तू फक्त शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

मी दमले आहे रे. आजारी नाही, घाबरू नकोस, नुसती दमले आहे. सकाळी चाकावर बसले की उठताना टेबलाला धरून उठते. खांदा दुखतो तो उजवा, आणि त्याला सांभाळून घेता घेता डावाही दुखायला लागलाय. पण खरा थकवा अंगाचा नाही. इतकी वर्षं दरवर्षी किटलीला काहीतरी नवं गमतीदार रूप शोधत राहायचं, त्याचा आहे. झोपलेला न्यायाधीश झाला, अंड्यांवर बसून वैतागलेली कोंबडी झाली, आंघोळीच्या टबातला जाडा माणूस झाला, ज्याच्या नाकातून चहा पडतो. ती किटली तुझ्या बायकोला अजिबात आवडली नव्हती आणि सगळ्यांत आधी संपली. किटल्या जमवणाऱ्या लोकांचा एक गट आहे, तुला माहीत आहे. दरवर्षी त्यांना एक नवी लागते. ठरलेल्या संख्येत बनवायची, मग साचा फोडून टाकायचा, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला मिरवता येतं. ते लोक येतात, किटली हातात घेतात आणि म्हणतात, "अय्या, किती गोड!" गोड ऐकून ऐकून मला मधुमेह व्हायची वेळ आली आहे. मग ती किटली काचेच्या कपाटात जाते आणि तिला जन्मात चहा माहीत होत नाही. मी मात्र अजून प्रत्येक किटली पाणी भरून, ओतून बघते. ओतणं थांबवल्यावर तोटीखालून एक थेंब जरी ओघळला तरी बाबा ती बाजूला ठेवायचे. "रडकी आहे," म्हणायचे. कपाटातली किटली रडली तरी कुणाला दिसणार आहे? पण सवय.

माती मळणाऱ्या आपल्या मावशी अजून येतात. त्यांचेही गुडघे गेलेत. आम्ही दोघी मिळून एक धड बाई होतो, असं त्या म्हणतात. त्या तुझी अधूनमधून चौकशी करतात. परवा विचारलं, "घुम्यादादा बोलायला लागले की नाही अजून?"

कारखान्याच्या मागच्या फळीवर ती पहिली किटली आहे ना, तपकिरी, ती मी खाली काढून पुसली. तुला आठवतं का ते सगळं, का तू विसरलास? मी विसरायचं म्हटलं तरी लोक विसरू देत नाहीत. बाबा तेव्हा चहाच्या दुकानांना आणि कँटीनना साध्या किटल्या पुरवायचे, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. त्यांचं वर्णन करायचं तर पोट, तोटी, झाकण आणि कान. पकडायच्या कड्याला ते कानच म्हणायचे, जसं सगळे म्हणतात. तू एवढासा होतास. तुला चाकाला हात लावायची परवानगी नव्हती. त्या दिवशी बाबा झिलईची पूड आणायला बाहेर पडले आणि जाताना तुला म्हणाले, "फळीवरच्या किटल्यांना कान लावून ठेव, मी आलोच." बहुतेक ते मला सांगत होते आणि बघत तुझ्याकडे होते. तू माझ्याजवळ आलास आणि विचारलंस, "एक लावू की दोन?" मी चाकावर होते, मान वर न करता म्हणाले, "एकच. किटलीला दोन कशाला?"

बाबा परत आले तेव्हा फळीवर सगळ्या किटल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटाला एकेक माणसाचा कान होता. हुबेहूब. मोठा, बाहेर आलेला, लांब पाळीचा. बाबांचाच कान होता तो. तुझ्या डोळ्यांपुढे दुसरा कुठला असणार? मी हसून हसून चाकावरची माती वाकडी केली. बाबांनी एक किटली उचलली, त्या कानाला धरूनच उचलली, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा कान चाचपला. आपल्याला वाटलं आता तुझा उपटतात. ते म्हणाले, "बरं झालं. घरात मी सांगितलेलं ऐकणारं कुणीतरी आलं." आणि माती वाया घालवायची नाही म्हणून भट्टीत घातल्या.

कँटीनवाल्याने त्या परत पाठवल्या. पण ज्याच्या त्याच्या तोंडी झालं आणि लोक बघायला यायला लागले. बघता बघता घेऊन जायला लागले. स्टीलच्या आणि थर्मासच्या दिवसांत आपला कारखाना उभा राहिला तो त्या कानावर. आजही माझ्या प्रत्येक किटलीला कुठेतरी माणसाचा कान असतो आणि त्यालाच धरून ती उचलायची असते. कोंबडीलासुद्धा आहे. एकदा प्रदर्शनाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं की या ऐकणाऱ्या वस्तू आहेत, बोलघेवड्या काळाला दिलेलं उत्तर आहे. मी मान डोलावली. दर मुलाखतीत मी सांगते की ही माझ्या धाकट्या भावाची चूक आहे, आणि दर वेळी छापताना तेवढंच गाळतात. त्यांना वाटतं मी विनयाने सांगते.

पण तुझं खरं काम कानांचं नव्हतं, वाजवायचं होतं. भट्टी उघडली की तू पालथ्या बादलीवर बसायचास आणि बाबा एकेक किटली तुझ्यापुढे धरायचे. तू बोटाच्या पेराने टिचकी मारायचास. टण् वाजली की म्हणायचास, "बोलते." आतून तडा असेल, डोळ्यांना न दिसणारा, तर ती थड् वाजायची आणि तू नुसती मान हलवायचास. बाबांचा स्वतःच्या कानावर नव्हता तेवढा तुझ्या कानावर भरवसा होता. तू "बोलते" म्हटल्याशिवाय एकही किटली दारातून बाहेर गेली नाही. शाळेतल्या बाईंनी एकदा आईला विचारलं होतं की हा मुलगा घरी तरी बोलतो का, आणि आई म्हणाली, "बोलतो की. 'बोलते' म्हणतो." पुढे तू लिफ्टच्या कामाला लागलास आणि तिथेही तेच केलंस. बाकीचे लोक यंत्र उघडून बसायचे, तू दाराला कान लावून उभा राहायचास. मग बाबा गेले, आणि टिचक्या मारायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकले. तुझ्याइतकं नाही, पण काम भागण्याइतकं.

आता नको ती बातमी. गेल्या थंडीत माझी एक किटली परत आली. जमवणाऱ्यांपैकी एक बाई आहेत, मी त्यांना कपाटवाल्या बाई म्हणते, घरात माणसांपेक्षा कपाटं जास्त. त्यांना काय हुक्की आली, पाहुण्यांसमोर त्यांनी कपाटातून न्यायाधीश बाहेर काढला आणि त्यात खरोखरचा चहा केला. ओतायला उचलला आणि तो पोटापाशी सरळ उभा उलला. चहा टेबलावर आणि त्यांच्या मांडीवर. जाड कपडे होते म्हणून निभावलं, नुसतं लाल झालं. त्यांनी फार सभ्यपणे निरोप पाठवला, आणि सभ्यपणाचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी एवढंच विचारलं होतं, "तुम्ही प्रत्येक किटली वाजवून पाठवता ना?"

मी वाजवली होती. मी त्यांना तसं कळवलं, मातीला दोष दिला. नवी माती होती, जरा जड आवाजाचीच आहे, सगळ्याच किटल्या बसक्या वाजतात. मी हे मावशींना मोठ्याने सांगत होते आणि त्या पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, माती नेहमीचीच आहे. तो जज्ज थड् वाजला होता. मला वाटलं तुम्ही बाजूला काढून ठेवताय." मी म्हणाले, मग तेव्हाच का नाही बोललात? त्यांनी हात पुसून पदर खोचला. मग म्हणाल्या, "बोलले होते."

मग कान दाखवायला गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्या बारकीएवढ्या. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी काचेपलीकडच्या त्यांच्या तोंडाकडे बघून दाबत होते, त्यांच्या भुवया हलल्या की दाबायचं. त्यांच्या ते लक्षात आलं. त्या हसल्या आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसल्या. मग बराच वेळ माझं बोट बटणावर तसंच राहिलं. कागदावर एक रेघ आली, सपाट चालता चालता एकदम खाली उतरणारी. त्या म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात. घंटी, चमचा, पाखरं. माणसांचं बोलणं ऐकू येईल पण शब्द सुटतील, आणि हळू बोलणाऱ्यांचे सगळ्यांत आधी सुटतील. म्हणजे माझा टण् गेला, थड् तेवढा राहिला. मला सगळ्याच किटल्या थड् वाजत होत्या आणि मी मातीला नावं ठेवत होते.

यंत्र घेतलं आहे. ते कानात घातलं की चमचा पडला तरी ताटांची चळत कोसळल्यासारखं वाटतं, आणि माझाच श्वास शेजारी कुणीतरी घोरतंय असा येतो. फोन त्याच्याजवळ नेला की शिट्टी मारतं. डॉक्टरीणबाई म्हणतात सवय होईल. मी ते डबीत ठेवते आणि सवय झाली असं सांगते. कुणालाच सांगितलं नाही मी. किटलीला कान लावणारी बाई बहिरी, हे त्या जमवणाऱ्यांना किती गोड वाटेल, विचार कर. पुढच्या वर्षी त्याचीच किटली मागतील.

आणि आता तुझ्या फोनकडे येते. तू मुळात हळू बोलतोस, त्यात फोनवर तोंडापुढे हात धरतोस, लहानपणापासून. तुझा आवाज मला येतो घुम्या, अजून येतो. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत असावं तसा येतो. बरेच रविवार मी तुझं बोलणं असं नुसतं ऐकते आहे. शब्द नसले तरी वरखाली कळतं. वर गेलास की 'हो का' म्हणते, थांबलास की 'बरं', लांबलं की 'छान झालं'. तू कधी भांडत नाहीस, कधी विचारत नाहीस, त्यामुळे निभून जायचं. त्या दिवशी तू काय म्हणालास ते मी आता तुझ्या बायकोच्या निरोपावरून जुळवते आहे. मला एवढंच आलं होतं की बारकी घरी आली आहे. मला वाटलं चार दिवस राहायला आली असेल, म्हणून मजा करा म्हणाले. पुढे तू बराच वेळ बोललास. जन्मात तू माझ्याशी इतकं सलग बोलला नव्हतास, आणि मी त्याला छान झालं म्हणाले.

भट्टी लावली आहे असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं. ती केव्हाच थंड झाली आहे. मावशी रोज येऊन विटांवर हात ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. काल म्हणाल्या, "बाई, आतल्या किटल्या म्हाताऱ्या झाल्या." मी म्हणते, अजून ऊब आहे. मी दार उघडलेलं नाही, कारण उघडून करू काय? वाजवून मला कळणार नाही, आणि मावशी माझं तोंड बघून सगळ्यांनाच बोलते म्हणतील. आत यंदाची किटली आहे. एक लिफ्ट आहे, दारातून माणसं बाहेर सांडताहेत, एका जाड्या बाईचा हात पुढे आलाय त्याची तोटी केली आहे. आणि बाहेर एक माणूस डोळे मिटून दाराला कान लावून उभा आहे. तो कान धरून ती उचलायची. या वेळी बाबांचा नाही केला, तुझा केला. ही शेवटची म्हणून केली आहे. तिला तडा गेला असेल तरी चालेल, पण गेला आहे की नाही हे मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. तू ये. बारकीला घेऊन ये. तिला म्हणावं, आत्याला काही सांगायचं असेल तर मोठ्याने सांगावं लागेल, रडायचं असेल तर हवं तेवढं हळू रड, ते मला दिसतं. बायकोलाही आण, यायची असेल तर, वन्सं म्हणत का होईना. आणि त्या दिवशी फोनवर जे बोललास ते सगळं मला परत सांग, समोर बसून, तोंडापुढचा हात काढून. मी डबीतलं यंत्र कानात घालून बसेन. बादली पालथी घालून ठेवली आहे. दार तू आल्यावर उघडू. एवढं तुझ्या कानावर घालायचं होतं.

तुझीच,
ताई